दीड इंची स्क्रू

छबुबाई पलंगावर पालथ्या पडल्या होत्या. सुंदररावांनी दार सरकवलं, एक पाय पायरीवर आणि एक आत अशा अवस्थेत ते थबकले, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, लागलं का?" मग त्यांनी मागं वळून कुणी ऐकलं तर नाही ना ते पाहून घेतलं. फोटोला लागलं का असं विचारणारा म्हातारा मुलांच्या हिशेबी एक पायरी वर चढलेला असतो, आणि त्याच्या पुढच्या पायरीवर डॉक्टर बसलेला असतो. छबुबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. फोटो सागवानी चौकटीतला, जाड काचेचा, किराणा दुकानाच्या काट्यावर पावणेदोन किलो भरलेला. थोरल्या मुलानं, हनुमाननं, सकाळीच ही चाकांवरची खोली आपल्या जीपला जोडून चाचणी म्हणून बायपासपर्यंत नेऊन आणली होती, आणि वाटेतल्या कुठल्याशा गतिरोधकावर भिंतीनं छबुबाईंना सोडून दिलं होतं. चिकटपट्टीचे दोन तुकडे भिंतीवर जागच्या जागी होते. म्हणजे पट्टीचा भिंतीशी करार पक्का होता, छबुबाईंशी तेवढा नव्हता. काच फुटली नव्हती. त्यांनी फोटो उलटा केला. पडल्याचं कसलंही चिन्ह चेहऱ्यावर नव्हतं. हयातीतही कधी नसायचं.

या खोलीबद्दल गल्लीत लोक काय काय बोलत होते, पण मूळ गोष्ट साधी होती. एका विहिरीवर दोन भावांचं वावर भिजत असेल तर पाण्याला पाळी लागते, आठ दिवस तुझे, आठ दिवस माझे. आईबापालाही तशीच पाळी लागते, सहा महिने तुझ्याकडं, सहा महिने माझ्याकडं. फरक एवढाच, की विहिरीची पाळी लवकर यावी म्हणून भांडणं होतात. आजवर अशा पाळीचा म्हातारा पिशवी, काठी आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात जात आला. धाकटा प्रविण पुण्याकडं गाड्यांच्या कारखान्यात होता, त्याला हे जुनाट वाटलं. आण्णांना आपली खोली का सोडावी लागावी? खोलीच का जाऊ नये? हनुमानच्या घरात लेक आरोही बारावीला गेल्यापासून आण्णांची खाट बैठकीतून जिन्याखाली आणि जिन्याखालून गच्चीच्या पत्र्यापर्यंत पोचली होती. प्रविणचा फ्लॅट एका बेडरूमचा होता, पण मोशीला सासऱ्यांचा प्लॉट मोकळा पडला होता. मग दोघा भावांनी मिळून सत्तारच्या शेडमध्ये ही सोळा फूट लांब, सात फूट रुंद खोली बांधून घेतली. गल्लीतली बायामाणसं ती बघायला आली तेव्हा प्रविण सांगत होता की परदेशात म्हातारी माणसं अशाच खोल्या घेऊन हौसेनं फिरतात. सुंदरराव शेजारी उभे राहून मान डोलावत होते, हौस असल्यासारखी.

आत काय नव्हतं? पलंग होता, ओटा होता, नळ, पंखा, मोरीएवढा संडास. कपाटाला कडी, ड्रॉवरला कडी, पेल्यांना बसायला लाकडात कोरलेली भोकं. प्रत्येक वस्तू पळून जायच्या बेतात आहे असं समजून प्रत्येकीला अडकवून ठेवलं होतं. सुंदररावांना तेवढी कडी नव्हती, आणि त्यांना ती लागेल असं कुणाला वाटलंही नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी बीडच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून गाड्या सोडल्या. काचेआड बसून, कर्ण्यातून, गाडी कोणती, फलाट कोणता, कुठं कुठं थांबणार. हजारो गाड्या गेल्या, ते जागचे हलले नाहीत. आता परवा सकाळी दहाला त्यांची स्वतःची सुटायची होती आणि वेळापत्रक दुसऱ्याच्या हातात होतं. जायचं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. का जायचं नाही, ते मात्र सांगता येत नव्हतं. मोशीला वाईट असं काही नव्हतं. सून बरी होती. हवा बरी होती. अडचण अशी की त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची सवय काचेआड बसून लागत नाही.

फोटो पडल्याचं कळल्यावर सत्तार स्वतः आला. सत्तार म्हणजे डेपोतला जुना बॉडी फिटर. सुंदररावांच्या आधी दोन वर्षं निवृत्त झालेला, आता लेकाबरोबर, रईसबरोबर, टेम्पोचे हौदे आणि रसवंतीचे गाडे बांधणारा. त्यानं भिंतीवर हात असा फिरवला, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवावा. म्हणाला, "साब, तुमी हिला भिंत समजून राह्यले. ही भिंत न्हाई, पापड हाय." मग त्यानं पापडाची घडण सांगितली. बाहेरून पत्रा, आतून चार मिलिमीटरची प्लाय, मधे थर्माकोल, आणि दर दीड-दोन फुटांवर लोखंडी पट्टीचा सांगाडा. वजन प्लायवर द्यायचं नाही, सांगाड्यावर द्यायचं. सांगाडा दिसत नाही, तर बोटाच्या पेरानं ठोकत जायचं. पोकळ आवाज आला की पुढं सरकायचं, भरीव आला की तिथं पट्टी आहे. स्क्रू अर्धा इंची, त्याच्यापुढं नाही. दिव्याच्या खालच्या अंगाला हात लावायचा नाही, तिथून वायर गेलीय. जड सामान खाली, हलकं वर, आणि काच तर कुठंच नाही. टांगलेली वस्तू वरच्या टोकाला धरून भागत नाही, खालचे दोन्ही कोपरेही चिकटवायचे, नाहीतर ती रस्ताभर झोके घेते आणि झोके घेता घेता आपला खिळा आपणच उपटते. सुंदररावांनी सगळं ऐकलं. त्यांना वाटलं, एवढी माहिती लग्नाच्या आधी कुणी दिली असती तर बरं झालं असतं.

काच कुठंच नाही म्हटल्यावर प्रविणनं आधीच पाठवून दिलेला दुसरा फोटो बाहेर निघाला. तो प्लॅस्टिकच्या पातळ पानावर छापलेला होता, वजनाला कागदाच्या पुडीएवढा, चिकटवला की हिसका बसला तरी हलणार नाही असा. पुण्याच्या स्टुडिओवाल्यानं आपल्या मनानं छबुबाईंना जरा साफ करून दिलं होतं. डाव्या भुवईवरचा व्रण गेला होता, ओठाशेजारची घडी गेली होती, पदराचा विटका हिरवा रंग ताजा झाला होता. ही कुणीतरी सुखी बाई होती, मुदतठेवीच्या जाहिरातीतली. सुंदररावांनी तिला नमस्कार करून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि वरून कडी लावली.

खरा फोटो पासाचा होता. एसटीतल्या माणसाला वर्षाकाठी बायकोसाठी फुकट प्रवासाचा पास मिळायचा, त्याला चिकटवायला एकदा काढलेला, तोच पुढं मोठा करून घेतलेला. फोटोग्राफर इकडं बघा म्हणत होता आणि छबुबाई त्याच्या खांद्यावरून पलीकडं, दुकानाच्या दाराबाहेर बघत होत्या. पास दरवर्षी यायचा. दरवर्षी छबुबाई विचारायच्या, औंदा कुठं? दरवर्षी सुंदरराव सांगायचे, जरा गर्दी कमी झाली की बघू. स्टँडवरची गर्दी कधी कमी होते का? दुपारी त्या डबा घेऊन यायच्या आणि चार नंबरच्या फलाटावरल्या बाकावर बसून गाड्यांच्या पाट्या वाचायच्या, बाकीच्या बायका पोथी वाचतात तशा, ओठ हलवत. एकदा त्यांनी विचारलं होतं, ह्या शिरूर कासारच्या गाडीत बसलं तर काय दिसतं? "शिरूर कासार," सुंदरराव म्हणाले होते. ही गंमत त्यांनी पुढं दहा वर्षं डेपोत सगळ्यांना सांगितली. लोक हसायचे. परवापासून ती त्यांना अधूनमधून आठवत होती, आणि हसू नेमकं कुठं होतं ते सापडत नव्हतं. एकदाच दोघं कपिलधारला गेले होते. सुट्टी मिळाली वैशाखात आणि धबधब्याला पाणी असतं श्रावणात. दोघांचं वेळापत्रक जुळलं नाही. कोरड्या कड्याखाली छबुबाई अर्धा तास मान वर करून उभ्या होत्या. पाणी यायची वाट बघते का, असं त्यांनी चिडून विचारलं, तर म्हणाल्या, न्हाई, कुठून पडत आसंल ते बघते.

म्हणजे जिला जायचं होतं ती भिंतीवर, आणि ज्याला कधीच कुठं जायचं नव्हतं त्याच्या खोलीला चाकं. हा विचार त्यांना जिन्याखालच्या खाटेवर आला असता तर त्यांनी कूस बदलून तो घालवला असता. या पलंगावर कूस बदलली की सगळी खोली जराशी हलायची, स्प्रिंगांवर, आणि विचार परत जागेवर यायचा. चार दिवसांत त्यांना अंग चोरून विचार करायची सवय लागली होती. हात लांब केला की भिंत, पाय लांब केला की भिंत. उठून उभं राहिलं की पंख्याखाली मान आपोआप लवायची, कुणी मोठा माणूस आल्यासारखी. गरम पत्र्याचा आणि नव्या प्लायच्या गोंदाचा वास नाकात बसला होता. दार बाहेर उघडणारं नव्हतं, कारण हनुमानचं घर आणि शेजाऱ्याचं कंपाउंड यांच्यामध्ये तेवढी जागाच नव्हती. सत्तारनं डोकं लढवून ते सरकतं केलं होतं, उघडलं की भिंतीच्या पोटात जाणारं. दार उघडं असलं की समोर शेजाऱ्याची सिमेंटची भिंत. बंद केलं की आपली.

निघायच्या दिवशी सकाळी सात वाजता सुंदररावांनी स्वतः फोटो लावायचं ठरवलं. थोरल्या सुनेनं सांगितलं होतं, गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लावावा. आता दक्षिण कोणती? हनुमानच्या बोळात दक्षिण दाराच्या बाजूला होती. मोशीला ती पलंगाच्या डोक्याशी येणार होती, असं प्रविणनं मोबाइलमधल्या होकायंत्रावर आधीच बघून ठेवलं होतं, आणि मधल्या अडीचशे किलोमीटरांत तर प्रत्येक वळणाला ती भिंती बदलत जाणार होती. छबुबाईंना एवढं फिरायला कधी मिळालं नव्हतं. पण आज या घटकेला दक्षिण इथं होती, आणि सुंदरराव आजच्या घटकेपुरतं बघणारे होते. उकाड्यामुळं दार सताड उघडं होतं. त्यांनी दाराशेजारच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकायला सुरुवात केली. भरीव. जरा वर, भरीव. जरा बाजूला, तरी भरीव. एवढी मजबूत भिंत या खोलीत आहे आणि सत्तारनं ती सांगितली नाही, याचं त्यांना नवल वाटलं. सत्तारनं दिलेला अर्धा इंची स्क्रू त्यांनी तळहातावर घेतला. हा काय स्क्रू आहे? दातात अडकलेला कण दिसतो. जन्मभर त्यांनी भिंतीला आधी लाकडाचा गट्टू ठोकला होता आणि मग त्यात चार इंची खिळा; खिळ्यानं भिंतीत असं घुसावं की भिंतीलाही वाटावं, हा आता इथलाच. त्यांनी हनुमानच्या डब्यातून दीड इंची स्क्रू निवडला, दाभणानं भोक पाडलं आणि पिळायला लागले. प्लाय गेली, मग जरा मोकळं लागलं, मग पुन्हा भक्कम लाकूड आलं, आणि मनगट दुखेपर्यंत स्क्रू आत आत जात राहिला. शेवटच्या फेऱ्याला त्यांना जे बरं वाटलं तसं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्यांनी फोटो टांगला, खालचे दोन कोपरे चिकटवले, हलवून पाहिला. छबुबाई जागच्या हलल्या नाहीत.

दहाला प्रविण आला. जीप जोडली, साखळी लावली, मागच्या दिव्यांची वायर लावली, आत डोकावून कड्या तपासल्या. तो नेहमी डोकावायचा. आत येऊन बसायला त्याला वेळ मिळाला नव्हता. पलंगावर गाद्यांच्या वळकट्या दोरीनं आवळल्या होत्या, त्यांच्या कडेला चार बोटं जागेवर सुंदरराव बसले होते, कारण गाडी धावताना आत माणूस बसवायचा नाही असा नियम असला तरी सुटेपर्यंत बसायला हरकत नव्हती. सुटल्यावर त्यांनी जीपमध्ये बसायचं, माणूस पुढं आणि त्याची खोली मागं. मग प्रविणनं बाहेरून दार ओढलं. दार आलं नाही. त्यानं पुन्हा ओढलं. हनुमाननं त्याला बाजूला केलं आणि पायरीला पाय लावून ओढलं. थोरल्याकडं जोर होता, धाकट्याकडं मोबाइल. एकजण दाराशी झटत होता आणि दुसरा तसलं दार अडकल्यावर काय करतात त्याची चित्रफीत शोधत होता. तेलही झालं. हनुमान दाराला आईबहिणीवरून बोलू लागला. आणि तेव्हा, तिसऱ्या का चौथ्या हिसक्याला, सुंदररावांना दिसलं की दार ओढलं की छबुबाई मान हलवतात. बारीकशी. न्हाई म्हणाव्यात तशी.

आधी त्यांना वाटलं, उकाड्यानं दिसतंय असं. मग हनुमाननं पुन्हा हिसका दिला, पुन्हा मान हलली, आणि सगळी भिंत त्यांना एकदम काचेसारखी आरपार दिसली. प्लाय, मधली पोकळी, त्या पोकळीत उघडून सरकवलेलं दार, आणि त्या दारात दीड इंचातला निम्मा. सकाळी त्यांनी ठोकून ऐकलेली मजबूत भिंत म्हणजे हे दार होतं. सांगायला हवं होतं. एवढंच म्हणायचं, अरे, तो स्क्रू काढा. दोन मिनिटं लागली असती, बारापर्यंत घाट, संध्याकाळी मोशी, आणि मग सहा महिने पलंगाच्या डोक्याशी दक्षिण. नाही सांगितलं तर? हे दोघं भिंत फोडतील. भिंत फोडली की स्क्रू सापडेल, आणि मग स्क्रू मारल्याचं नव्हे, गप्प बसल्याचं उत्तर द्यावं लागेल. दार त्यांच्यासमोर सताड उघडं होतं आणि त्यातून बाहेर पडायचा एकही रस्ता त्यांना दिसत नव्हता. त्यात हनुमानची पाठ होती, पाठीपलीकडं प्रविण, प्रविणपलीकडं शेजाऱ्याची भिंत. घाम मानेवरून सदऱ्यात उतरत होता. चौतीस वर्षांत बिघडलेल्या गाडीचे उतारू काचेशी येऊन विचारायचे, कधी सुटणार साहेब? आणि ते वर न बघता सांगायचे, सांगतो. त्या माणसांच्या तोंडांकडं त्यांनी कधी नीट बघितलं नव्हतं. अशीच असतील.

सत्तारला बोलावणं गेलं. तो सावकाश आला, आधी दाराकडं बघितलं नाही, आत येऊन भिंतीवर ठोकलं. एकदा, दोनदा, मग फोटोच्या चौकटीशेजारी तिसऱ्यांदा, आणि तिथं त्याचं बोट थांबलं. त्यानं फोटोकडं बघितलं, मग सुंदररावांकडं. सुंदररावांनी आपल्या चपलांकडं बघितलं. बाहेरून प्रविणनं विचारलं, काय झालंय, किती वेळ लागेल. सत्तारनं खिशातला पेचकस काढून ओट्यावर ठेवला.

"दरवाज्याला काही झालेलं न्हाई," तो म्हणाला. "मी चौकात चहाला चाललो. कंट्रोलर साब सांगतील काय करायचं ते."

तो निघून गेला. हनुमाननं भावाकडं बघितलं, आणि कुणीतरी जीप मागं घ्या म्हणून भोंगा वाजवायला लागल्यावर सुटल्यासारखा तिकडं गेला. प्रविण पायरी चढून आत आला. पहिल्यांदाच. उभं राहिल्यावर त्याचीही मान पंख्याखाली लवली. त्यानं सगळीकडं एकदा बघितलं, बसायला जागा शोधली, ती नव्हती.

"आण्णा, काय केलंय तुम्ही?"

"स्क्रू मारलाय."

"कुठं?"

"तुझ्या आईच्या मागं. दीड इंची हाय. दारात गेलाय."

प्रविण हसला. सुटकेचं हसू होतं, त्यात राग नव्हता, आणि तेच सुंदररावांना जड गेलं; रागावर काहीतरी बोलता आलं असतं. एवढंच ना, तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम. त्यानं खालचे कोपरे सोडवले, आईला दोन्ही हातांनी भिंतीवरून उतरवलं आणि ठेवायला म्हणून वळला. पलंगावर वळकट्यांवर काच राहिली नसती. ओटा नुकताच धुतलेला, ओला होता. खाली पायांची जागा होती, आणि पायांच्या जागी आईला ठेवायचं त्याच्याही मनात आलं नाही. पावणेदोन किलो दोन्ही हातांत घेऊन तो सोळा फुटांत एकदा पुढं गेला, एकदा मागं आला. पेचकस हाताशी होता, हात नव्हते.

"धरा ना जरा," तो म्हणाला. "स्क्रू काढतो."

सुंदररावांचे हात उठले. समोर आलेली वस्तू घेऊन, शिक्का मारून, परत द्यायची हातांची जुनी खोड. ते अर्ध्यावर आले होते. फोटोची मागची बाजू त्यांच्याकडं होती, पुढची प्रविणकडं, आणि तो ती बघत नव्हता. त्याची नजर स्क्रूवर होती. सुंदररावांनी हात परत घेतले आणि पाठीमागं एकात एक अडकवले. आवाज निघाला तो कर्ण्यातला, सपाट, कुणाला उद्देशून नसलेला.

"मी येत न्हाई, प्रविण."

"म्हणजे?"

"मोशीला येत न्हाई. इथंही ह्या डब्यात ऱ्हात न्हाई. तुमी दोघं बसा आन् बघा."

प्रविण काहीतरी बोलायला लागला, सासऱ्यांनी प्लॉट साफ करून घेतलाय, रजा टाकलीय, असं काहीतरी. सुंदरराव त्याच्या बाजूनं वाट काढायला लागले तेव्हा त्याला फोटो छातीशी धरून भिंतीला टेकावं लागलं. जाता जाता त्यांचा खांदा चौकटीला घासला. ते पायरी उतरले. बोळात ऊन आलं होतं, जीपशेजारून निघायला एका माणसापुरती फट होती, आणि त्या फटीतून तिरकं होऊन जाताना त्यांना चौकातला चहाचा गाडा आणि बाकावर बसलेली सत्तारची पाठ दिसली. मागून हनुमान विचारत होता, कुठं निघाले. आतून प्रविणचा आवाज आला. काही महिन्यांपूर्वी गच्चीच्या पत्र्याखाली पडल्या पडल्या सुंदररावांनी दोघा भावांना खाली हळू आवाजात एकमेकांना हाच प्रश्न विचारताना ऐकलं होतं. तेव्हा त्यात नाव दुसऱ्या माणसाचं होतं.

"आण्णा, आईला ठेवू कुठं?"

सुंदरराव चालत राहिले. गाड्याशी पोचल्यावर सत्तारनं बाकावर सरकून जागा केली आणि दुसरा चहा सांगितला.